मानसिक आजाराचं दिव्यांग सर्टिफिकेट कसं काढायचं आणि पुढे काय काय मिळतं: मुंबईकरांसाठी

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी, वर्षानुवर्षं न हटणारं डिप्रेशन असं काही आहे, गोळ्या चालू आहेत, नोकरी सुटलीये किंवा धड लागलीच नाही, आणि आता कुणीतरी सांगितलंय की अहो सरकारकडून काहीतरी मिळतं बघा, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी माझ्या भावाची सगळी कागदपत्रं बघते, त्यामुळे ओपीडीच्या बाकड्यांवर बसून बाकीच्यांचंही बरंच ऐकलंय, त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे, "आमच्या मुलाचे हातपाय तर धडधाकट आहेत, त्याला कोण दिव्यांग म्हणणार" हे डोक्यातून काढा. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात २१ प्रकार धरलेत आणि त्यात मानसिक आजार हा स्वतंत्र प्रकार आहे. मतिमंदत्व वेगळं, ऑटिझम वेगळा, मानसिक आजार वेगळा. फॉर्म भरताना सायबरवाला पोरगा घाईत भलत्याच प्रकारावर टिक करतो, तिथे डोळ्यात तेल घालून बघा, नंतर दुरुस्तीला फार जीव जातो.

दुसरं, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. आधी उपचाराचे कागद, मग ऑनलाईन अर्ज, मग हॉस्पिटलात तपासणी, मग युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं सरकारी ओळखपत्र, आणि ते कार्ड हातात आल्यावर प्रत्येक योजनेचा वेगळा अर्ज वेगळ्या ऑफिसात. लोक कार्ड काढून कपाटात ठेवतात आणि खात्यात पैसे यायची वाट बघत बसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर खरं तर अख्खा खेळ आहे: सर्टिफिकेटवर दिव्यांगत्वाचे टक्के लिहितात, ते आजाराच्या नावाला मिळत नाहीत. स्किझोफ्रेनिया म्हणजे इतके टक्के, बायपोलर म्हणजे तितके, असा तक्ता कुठेच नाही. त्या आजारामुळे माणसाचा रोजचा दिवस किती अडतो ते मोजतात. त्यामुळे तयारी करायची ती दिवस कसा जातो ते सांगण्याची.

आधी फाईल

एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या आणि त्यात पहिल्या दिवसापासूनचे कागद तारखेनुसार लावा. जुना केस पेपर, प्रिस्क्रिप्शन, अ‍ॅडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, शॉक दिले असतील तर त्याचा कागद, सायकॉलॉजिस्टने टेस्ट केली असेल तर तिचा रिपोर्ट. दहा वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला पेपर असेल तरी टाकू नका, उलट तोच सोन्यासारखा, कारण आजार किती वर्षांचा आहे याला वेगळे गुण असतात आणि ते तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर दिसलेलं बरं. जुने कागद हरवले असतील तर ज्या हॉस्पिटलात दाखवायचात तिथे रेकॉर्डसाठी अर्ज करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला स्वतःचं मेडिकल रेकॉर्ड मिळण्याचा हक्क दिलाय, हे अर्जात एका ओळीत लिहिलं की समोरचा जरा नीट वाचतो.

प्रायव्हेट डॉक्टरकडे उपचार चालू असतील तर त्यांच्याकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या. नुसतं "हे माझे पेशंट आहेत" असं नको. निदान काय, कधीपासून, कुठल्या गोळ्या, किती वेळा अ‍ॅडमिट, गोळ्या चालू असूनही काय काय जमत नाही, एवढं त्यात आलं पाहिजे. सर्टिफिकेट मात्र प्रायव्हेट डॉक्टर देऊ शकत नाही, ते सरकारने ठरवलेलं हॉस्पिटलच देतं. म्हणून माझा सल्ला असा की आत्तापासूनच जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढून ठेवा आणि काही महिने नेमाने जा. एकदम सर्टिफिकेट मागायलाच उगवलेला माणूस आणि जो डॉक्टरांच्या डोळ्यासमोर आहे तो माणूस, यात फरक पडतोच, आणि पडायलाही हवा, एका भेटीत मनाचा आजार कोणाला दिसणार.

बाकी कागद म्हणजे आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, पासपोर्ट साईझ फोटो, सही किंवा अंगठा. इथे मुंबईत दोन गोष्टींनी लोक अडकतात. एक म्हणजे पत्ता, आधार गावचं आणि राहतो भाड्याने मालाडला. आणि दुसरं नावाचं स्पेलिंग, आधारवर वेगळं, रेशन कार्डावर वेगळं, केस पेपरवर तर क्लार्कने कानाला जे ऐकू आलं ते. हे आधी सरळ करून घ्या. आधारला मोबाईल नंबर लिंक आहे का तेही बघा, ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि आजारी माणसाने दोन फोन हरवून तिसरा घेतला असेल तर तो नंबर कुणाच्या खिशात आहे देव जाणे.

एक वही घाला

हे कुठल्याच फॉर्ममध्ये मागितलेलं नाही पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. अर्ज करायच्या आधी दोनतीन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. भारी भाषा नको. अशी:

"सकाळी अकराला उठला. दात घास म्हणून चारदा सांगितलं. आंघोळ नाही, तिसरा दिवस. जेवण ताटात वाढून दिलं तर जेवतो, भूक लागली म्हणून स्वतःहून येत नाही. दुपारी मामा आले, आतल्या खोलीत गेला, ते जाईपर्यंत बाहेर नाही. दूध आणायला पाठवला, दुकानातून रिकाम्या हाताने परत, म्हणतो दुकानवाला माझ्याबद्दल बोलत होता. गोळी हातात देऊन समोर उभं राहावं लागतं."

बस, एवढंच. यात "खूप त्रास आहे", "फार वाईट परिस्थिती आहे" असलं काही नाही आणि तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. चांगले दिवस असतील तर तेही लिहा, खोटं काही नको. आजार चढउताराचा असतो हे डॉक्टरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

ऑनलाईन अर्ज

अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर करायचा, सगळा देशभर एकच आहे. आधार, मोबाईल, नाव, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, कधीपासून, आणि शेवटी हॉस्पिटल निवडायचं. तुमच्या जिल्ह्याची यादी तिथेच दिसते. मुंबई म्हणजे दोन जिल्हे, शहर आणि उपनगर, हे लक्षात ठेवा, माहीम ओलांडलं की उपनगर आणि पलीकडे सायनच्या पुढे उपनगर. केईएम, नायर, सायन, कूपर, जेजे ही मोठी नावं तुम्हाला माहीतच आहेत. नियमात अशी सोय आहे की राहत्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलात अर्ज करा किंवा जिथे उपचार चालू आहेत किंवा आधी झालेत त्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणून ज्या हॉस्पिटलात तुमचा केस पेपर आहे तेच निवडलेलं कधीही चांगलं. हॉस्पिटल निवडायच्या आधी तिथल्या मानसोपचार ओपीडीत विचारा की मानसिक आजाराची तपासणी इथे होते का आणि कुठल्या वारी, कारण वार ठरलेले असतात आणि ते बदलतातही.

अर्ज झाला की एनरोलमेंट नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि फाईलच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. अर्ज फुकट आहे. सर्टिफिकेट फुकट आहे. सायबरवाला फॉर्म भरायचे शेपन्नास घेईल तो त्याचा धंदा, पण हॉस्पिटलच्या गेटवर कोणी "साहेब ओळखीचे आहेत, टक्के वाढवून देतो" म्हणाला तर तिथूनच रामराम करा. खोटेपणाने दिव्यांगांचे फायदे घेतले तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि अडकणार तुम्ही, एजंट नाही.

तपासणीच्या दिवशी

सकाळी लवकर जा, खायचं पाणी गोळ्या बरोबर ठेवा, आणि पेशंटबरोबर असा माणूस जाऊ दे जो त्याच्याबरोबर चोवीस तास राहतो. गावाहून आलेला शिकलेला काका नको, वहिनी रोज बघत असेल तर वहिनीच. डॉक्टर पेशंटशी बोलतात आणि घरच्यांनाही विचारतात, आणि घरचा माणूस काय सांगतो त्याला खरोखर वजन असतं.

मोजायची पद्धत आयडियाज नावाची आहे, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २००२ साली तयार केलेली. त्यात चार भाग: स्वतःची काळजी म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, तब्येत; माणसांशी वागणं; बोलणं आणि समोरच्याचं समजून घेणं; आणि काम. कामात नोकरीच पाहिजे असं नाही, घरच्या बाईचं घरकाम धरतात, शिकणाऱ्याचं शिक्षण धरतात. प्रत्येक भागाला ० ते ४ गुण, शून्य म्हणजे काही अडचण नाही आणि चार म्हणजे पूर्ण अडचण. यात आजाराच्या वर्षांचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा ३, दहाच्या वर ४. एकूण वीसपैकी. ७ ते १३ आले तर ४० ते ७० टक्के, १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९, वीसपैकी वीस म्हणजे शंभर टक्के. सहा किंवा कमी आले तर ४० च्या खाली, आणि बहुतेक योजना ४० पासून सुरू होतात.

आता हे जरा हिशोब करून बघा. एक माणूस आहे, आजार तीन वर्षांचा, म्हणजे २. आंघोळबिंघोळ स्वतः करतो ०, माणसांत थोडा तुटक १, बोलण्यात थोडा १, काम अर्धवट सुटतं २. बेरीज सहा. सर्टिफिकेट ४० च्या खाली. त्याच माणसाला आंघोळीला रोज मागे लागावं लागतं हे घरच्यांनी सांगितलंच नसेल तर? त्या एका गुणाने तो सातवर गेला असता. बारीक वाटणारी गोष्ट बारीक नसते ती अशी.

आणि इथेच आपल्या लोकांचं चुकतं. एकदा आमच्या पुढे एक आई आणि मुलगा होते, मुलगा तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल लावून भांग पाडलेला, दाढी ताजी केलेली, गालावर कापल्याची खूण, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घाईत करून दिलेली. डॉक्टरीणबाई मुलाला विचारतायत आज वार कुठला, आणि आई मागून हळूच "गुरुवार ना रे, सांग ना". स्वतःची कामं स्वतः करतो का विचारलं तर आई म्हणाली, "हो हो, तसा काही त्रास नाही हो त्याचा, खूप शांत आहे." बाई चांगल्या होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ही दाढी कोणी केली?" आई जरा थांबून म्हणाली, मी. नखं? मीच. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पण प्रत्येक डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो, बाहेर रांग असते.

आपल्याला चार लोकांत घरातलं झाकायची सवय असते आणि ती डॉक्टरांच्या टेबलासमोरही सुटत नाही. पेशंटच्या देखत बोलायला जड जात असेल, आणि जातंच, त्याला पण वाईट वाटतं, तर डॉक्टरांना सांगा की मला दोन मिनिटं वेगळं बोलायचंय, किंवा ती वही सरळ त्यांच्या हातात द्या. त्याला मुद्दाम गबाळा नेऊ नका, नाटक करायला लावू नका, गोळी तर अजिबात चुकवू नका, तो सल्ला देणारे महाभागही भेटतील. जसा रोज असतो तसा न्या. काय तो स्वतः करतो आणि काय तुम्ही करून देता एवढं वेगवेगळं सांगा. "जेवतो" आणि "वाढून समोर बसलं तर जेवतो" ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

कधी कधी त्याच दिवशी होत नाही, सायकॉलॉजिस्टकडे टेस्टला पाठवतात किंवा पुढची तारीख देतात. चिडून उपयोग नाही, तारीख केस पेपरवर लिहून घ्या.

कार्ड

अर्ज दिल्यापासून सर्टिफिकेट द्यायला २०२४ च्या सुधारित नियमांत तीन महिन्यांची मुदत आहे. पोर्टलवर एनरोलमेंट नंबर टाकून स्टेटस बघत राहा, सर्टिफिकेट आणि कार्ड तिथूनच डाऊनलोड होतं, पोस्टाने प्लास्टिकचं यायची वाट बघायची गरज नाही. कार्डाचे तीन रंग: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. हातात आल्यावर पहिलं नाव, जन्मतारीख, प्रकार, टक्के आणि मुदत तपासा. मानसिक आजारात बरेचदा टेंपररी सर्टिफिकेट देतात, म्हणजे अमुक तारखेपर्यंत, नंतर परत तपासणी. सुधारण्याची शक्यता असेल तर मुदत घालायची असा नियमच आहे, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

नाकारलं किंवा टक्के फारच कमी वाटले तर ९० दिवसांत अपील करता येतं. नाकारण्याचं कारण लेखी मागा आणि अपिलाला जाताना नवीन काहीतरी घेऊन जा, वही, डॉक्टरांचं सविस्तर पत्र, जुना डिस्चार्ज कार्ड सापडला असेल तर तो. तेच कागद परत दिले तर तेच उत्तर येतं.

घरात एक प्रश्न हमखास निघतो की असं सर्टिफिकेट काढलं तर उद्या बँकेत, प्रॉपर्टीत, मतदानात अडचण येईल का, वेडा ठरवला जाईल का. नाही. हे टक्केवारीचं सर्टिफिकेट आहे, कोर्टाचा हुकूम नाही. २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीला स्वतःची मालमत्ता ठेवायचा आणि आपले पैशाचे व्यवहार करायचा इतरांइतकाच हक्क आहे. कार्ड गळ्यात घालून फिरायचं नाहीये, जिथे फायदा घ्यायचा तिथेच दाखवायचं. लग्नाचं म्हणाल तर ते कार्डाने अडत नाही, लपवल्याने अडतं, पण तो विषय वेगळा.

आता पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजना. महाराष्ट्र सरकारची, वय १८ ते ६५, किमान ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत. आधी महिना १५०० मिळायचे, दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केलेत. उत्पन्नाची अट मात्र वाचून मुंबईत कोणालाही हसू येईल, वर्षाला पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास, इथे तेवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. पण म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा, दुसरं कोणी कमावतं नाही, अशी घरं आहेत आणि त्यांनी हे सोडू नये. अर्ज तहसीलदाराकडे, संजय गांधी योजनेच्या शाखेत. शहर जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस फोर्टला ओल्ड कस्टम हाऊस, उपनगराचं बांद्रा पूर्वेला चेतना कॉलेजजवळ, तुमच्या भागाची शाखा कुठली ते तिथे कळतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, युडीआयडी, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक लागतं. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल आपले सरकारवरून किंवा सेतूतून, आणि ते युडीआयडीची वाट बघत असतानाच काढून ठेवा म्हणजे महिने वाचतील. अर्ज समितीपुढे जातो, मंजूर होतो, मग पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात. खातं पेशंटच्या नावाचं हवं. घरातली बाई पेशंट असेल आणि लाडकी बहीणचे पैसे घेत असेल तर दोन्ही एकत्र चालत नाही हे आधीच बघून घ्या, दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बंद.

८० टक्के किंवा वर असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन आहे, तिचाही अर्ज याच शाखेत विचारा.

महापालिकेची वेगळी योजना आहे आणि ती पुष्कळांना माहीतच नसते. धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजना, २०२४-२५ ते २०२८-२९ अशी पाच वर्षांची, १८ वर्षांवरच्या मुंबईकरांसाठी. पिवळं कार्ड असेल तर महिना १००० च्या हिशोबाने सहा महिन्यांचे ६०००, निळं असेल तर महिना ३००० च्या हिशोबाने १८,०००. आपल्या वॉर्ड ऑफिसात जायचं आणि समाज विकास अधिकारी कुठे बसतात ते विचारायचं. गेटवरचा शिपाई तुम्हाला आधी पाणी खात्याकडे पाठवेल, तरी जा.

आईवडील सरकारी नोकरीत किंवा रेल्वेत होते, पेन्शन घेतायत, असं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी वाचा. फॅमिली पेन्शनमध्ये अशी तरतूद आहे की मानसिक आजारामुळे जो मुलगा किंवा मुलगी स्वतः कमावू शकत नाही, त्याला आईवडिलांच्या पश्चात मुलांसाठीची नेहमीची वयोमर्यादा उलटल्यावरही आयुष्यभर पेन्शन मिळू शकते. रक्कम वर सांगितलेल्या कुठल्याही योजनेपेक्षा किती तरी मोठी. पण पेन्शनरने स्वतः हयात असताना ऑफिसला कळवून मुलाचं नाव आणि आजार कागदावर आणून ठेवला, पालक म्हणून कोण बघेल ते नॉमिनेट केलं, तर पुढे भावाबहिणींना सोपं जातं. नाही केलं तर काय होतं ते मी बघितलंय, आई गेल्यावर बहीण दोन ऑफिसांमध्ये चेंडूसारखी फिरत होती, हा आजार आईच्या हयातीपासून होता हे सिद्ध करत. वडील सत्तरीचे आहेत आणि म्हणतायत बघू नंतर, तर बघू नंतर नाही, या महिन्यात. प्रायव्हेट कंपनीत पीएफ होता त्यांनाही ईपीएस पेन्शनमध्ये कायमच्या आणि पूर्ण दिव्यांग मुलासाठी तरतूद आहे, पीएफ ऑफिसात विचारा.

बाकी काय मिळतं, काय नाही

इन्कम टॅक्स भरत असाल तर जुन्या पद्धतीत (ओल्ड रेजीम) पेशंटला स्वतःला (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०यू), किंवा त्याला सांभाळणाऱ्याला (कलम ८०डीडी), ७५,००० ची वजावट आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,००० ची. नवीन पद्धतीत ही नाही. एसटीत ४० टक्क्यांवर तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. सरकारी नोकरीत दिव्यांगांच्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे त्यात मानसिक आजार येतो, आणि सरकारी नोकरीत असताना आजार झाला म्हणून काढता येत नाही, पायरी खाली आणता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे, कुणी ऑफिसात राजीनामा लिहून मागत असेल तर सही करू नका. कॉलेजच्या प्रवेशातही ५ टक्के जागा आहेत.

रेल्वेच्या तिकिटाच्या सवलतीत मतिमंद आहेत पण मानसिक आजार नाही, खिडकीवर भांडू नका, त्या माणसाच्या हातात काही नाही. निरामय विमा योजना सगळे सांगतात, ती नॅशनल ट्रस्टची आहे आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता या चारांसाठीच आहे, आपल्यासाठी नाही.

चालू ठेवायचं कसं

पैसे सुरू झाले की विसरायचं नाही. हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मागतात तेव्हा वेळेत दिला नाही तर पैसे गुपचूप थांबतात, कोणी फोन करून सांगत नाही. टेंपररी सर्टिफिकेट असेल तर मुदत संपायच्या तीनचार महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका, कारण मधल्या काळात पैसे अडकतात. त्यासाठी ओपीडीचा फॉलोअप तुटू देऊ नका, बरं वाटतंय म्हणून वर्षभर गेलोच नाही असं झालं की पुढच्या तपासणीला दाखवायला कागदच नसतो. या सगळ्या धावपळीत पेशंट बिघडला, रात्री झोपत नाहीये, काहीबाही बोलतोय, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुमचाच धीर सुटला तरी तोच नंबर.

सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा, ओरिजिनल कुठल्याही टेबलावर सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या आणि अर्ज दिला की दुसऱ्या कॉपीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. क्लार्क म्हणेल गरज नाही. तरी मारून घ्या.